तिसरा अंक न बघणाऱ्या बाई

आयुष्यात मी नाटकं पुष्कळ बघितली, आणि नाटक बघणारी माणसंही पुष्कळ बघितली. कुणी घोरतं, कुणी शेजारणीला पुढचं आधीच सांगून टाकतं, कुणी रडायच्या जागा घरूनच ठरवून येतं. पण दुसरा अंक संपला की पिशवी उचलून सरळ बाहेर जाऊन बसणारी बाई मी एकच बघितली. आमच्या शिवणाच्या बाई.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं, बाईंना बरं वाटत नसेल. धुळ्याला एका फिरत्या कंपनीचा तंबू लागला होता आणि रविवारचा दुपारचा खेळ होता. आम्ही दोघी जळगावहून सकाळच्या एस.टी.नं गेलो होतो. मी रावेरची. जळगावच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते, आणि माझ्या खोलीला लागून बाईंची खोली होती. नाटक नवरा-बायकोच्या भांडणाचं होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बायको घर सोडून निघाली, पडदा पडला, अख्खा तंबू नाक ओढत होता. मी रुमाल शोधतेय तोवर बाई उभ्या.

"चल पोरी."

"बाई, अजून एक अंक आहे."

"आहे ना. म्हणून तर चल म्हणतेय."

बाहेर तिकिटाच्या खिडकीपाशी एक बाक होता. बाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगांची पुडी काढली, टरफलं मात्र पिशवीतच टाकत राहिल्या. कचरा त्यांना खपत नसे. मी तोंड फुगवून बसले होते. तिकीट माझंही होतं.

"फुगू नकोस," त्या म्हणाल्या. "आत काय होणार ते मी सांगते. ती परत येणार, त्याच्या पाया पडणार, सासू डोळे पुसणार. नाटकाचे दोन अंक खरे असतात. तिसरा आपला लोकांना घरी जाऊन नीट जेवण जावं म्हणून."

"मग ती खरं म्हणजे कुठे गेली?"

झालं. मी विचारायचीच खोटी. बाई बाकावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी मला तिसरा अंक सांगितला. ती चाळीसगावला उतरली. गाडीत तिला एक नर्स भेटली होती, तिच्या ओळखीनं कापसाच्या जिनिंगच्या मागे खोली मिळाली. पहिला महिना वाईट गेला. स्टोव्ह भडकायचा, शेजारीण बोलायची नाही. मग तिनं शेजारणीच्या मुलीचा परकर शिवून दिला. बाई अगदी परकराच्या निऱ्यांसकट सांगत होत्या. तंबूत टाळ्या वाजल्या तेव्हा चाळीसगावच्या त्या खोलीत दाराला पडदा लागलेला होता. बाईंनी पुडी गुंडाळली. "संपलं त्यांचं. आपलंही संपलं. चल, गाडी चुकेल."

त्यानंतर तीन वर्षांत मी बाईंबरोबर किती नाटकं अर्धी बघितली याचा हिशोब नाही. एकीला त्यांनी अमळनेरला पाठवलं, एकीला सावद्याच्या केळीच्या वखारीवर पानं बांधायला लावलं, एकीनं तर शिरपूरला पिठाची गिरणी काढली. एकही परत गेली नाही. एकही सुखात लोळलीसुद्धा नाही, हे विशेष. बाईंच्या तिसऱ्या अंकात सगळ्या कामाला लागायच्या.

वर्गात बाईंच्या गळ्यात सदान्‌कदा टेप असे. माणसाकडे बघितलं की त्यांना आधी माप दिसायचं. मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे ही बातमी सगळ्या शाळेला बाईंमुळेच कळली. शिकवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पहिले दोन महिने पोरींना सुईत दोरा ओवायचाच नाही. जुने झगे, पोलकी, गाद्यांच्या खोळी आणायच्या आणि उसवायच्या, कापड न फाटता. एकदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, "ऑगस्ट आला, एकाही मुलीनं काही शिवलं कसं नाही?" बाई म्हणाल्या, "उसवतायत. वाकडी शिवण जिला उसवता येत नाही ती पोरगी वाकडाच झगा घालून जन्म काढते." साहेबांनी वहीत काय लिहिलं देव जाणे. बाईंचा नेमणुकीचा कागद मात्र त्याही वर्षी कायमचा झाला नाही.

तो कागद ही बाईंची एकच दुखरी जागा. अकरा वर्षं त्या टेंपररी होत्या. एप्रिलमध्ये घरी, जूनमध्ये नवा कागद, आणि तो येईपर्यंत जीव टांगलेला. खोलीत त्यांनी कपाट घेतलं नव्हतं. सगळे कपडे एका हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेत. मी एकदा म्हटलं, "बाई, एखादं कपाट घ्या ना." तर म्हणाल्या, "कपाट कायम माणसाला शोभतं. कागद येऊ दे, त्या दिवशी ही ट्रंक रिकामी करते." थट्टा नव्हती ती. बाईंना कायम व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. एरवी कुणालाही न भिणारी ही बाई मे महिनाभर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली मी बघितली आहे.

त्या ट्रंकेच्या झाकणाला मधोमध पोचा होता. वर दाबलं की पत्रा "डबक्" करून आत जाई आणि सोडलं की तसाच बाहेर येई. एका रविवारी बाकावर बसून बाईंनी त्याची गोष्ट सांगितली, शेंगा सोलता सोलता.

बाईंना शिंदखेड्याला दिलं होतं. नवरा दारू पीत नव्हता, मारत नव्हता. बाईंनी माहेराहून शिवणयंत्र आणलं होतं, ते सासरी माळ्यावर टाकलं गेलं, कारण शेतकऱ्याच्या घरात लोकांचे कपडे शिवले तर इज्जत जाते. बाईंनी माहेरी जाते म्हटलं की नवरा येऊन ट्रंकेवर बसायचा. नुसता बसायचा, हसत, विडी ओढत. बसला की उठायचा नाही. एकदा सकाळपासून जेवणवेळेपर्यंत बसला होता. घरातली माणसं येता-जाता हसायची. काय गमत्या नवरा आहे, म्हणायची.

"अडीच वर्षं बसत होता," बाई म्हणाल्या. "पत्र्याला पोचा पडला. मग एका बाजारच्या दिवशी तो उठला आणि बैल बघायला गेला. मी ट्रंक डोक्यावर घेतली आणि निघाले."

"मागच्या दारानं?"

"का म्हणून? चोरी केली होती काय मी? भर बाजारातून गेले. भर दुपारी. बठ्ठा बाजार बघत होता."

बाईंची भाषा वर्गात चोख असे, पण जिथं मनातलं यायचं तिथं खानदेशी उतरायची, 'सगळा'चं 'बठ्ठा' व्हायचं. मला त्या बाजारातली ती बावीस वर्षांची पोर दिसली आणि माझं मन भरून आलं. बाईंनी माझ्या हातावर सोललेले दाणे ठेवले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या, त्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरी खायचे दिवस होते ते. शाळेच्या नव्या खोल्यांवर पत्रे घालायचे होते, म्हणून संस्थेनं नाटक करायचं ठरवलं. संस्थेचे चिटणीस वकील होते, सगळे त्यांना आबा म्हणत. मनानं वाईट नव्हते, पण त्यांना नाटकं लिहायची खोड होती. हे नाटक त्यांचंच. नावात सौभाग्य होतं, एवढं सांगितलं तरी पुरे. सगळी कामं आम्ही शिक्षिकांनीच करायची, पुरुषांचीसुद्धा, आणि बघायला फक्त बायका. तेव्हा तशी पद्धतच होती. टॉकीज दुपारचं मिळालं, पडद्यापुढच्या चौथऱ्यावर रंगमंच झाला. बायको मी. नवरा आमच्या ड्रिलच्या बाई, काजळाच्या मिशा लावून.

सामान गावातून गोळा झालं. कुणाची खुर्ची, कुणाचं घड्याळ, कुणाच्या सासूबाईंची पानाची पेटी. बायको घर सोडते तर तिच्या हातात ट्रंक पाहिजे, म्हणून आबा मला घेऊन बाईंकडे आले. बाईंनी तिथल्या तिथं ट्रंक रिकामी केली, अकरा वर्षांच्या कपड्यांचा खाटेवर ढीग घातला, आणि म्हणाल्या, "नेऊ शकता. एकच अट. ही ट्रंक घराबाहेर पडली की पुन्हा त्या घरात यायची नाही."

"कबूल, बाई, कबूल," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले.

आबांच्या तिसऱ्या अंकात बायको परत येत होती. अर्थातच. हातात ट्रंक घेऊन. मला ते पाठ होतं. मी तिथंच बोलायला हवं होतं, आणि मी बोलले नाही. माझाही कायमचा कागद आबांच्याच सहीनं निघायचा होता, हे कारण. रस्त्यात मी कसंबसं म्हटलं, "आबा, तिसऱ्या अंकात मी रिकाम्या हातानं आले तर?" आबा म्हणाले, "अगं, सामानाशिवाय आलेली बायको राहायला आलीय असं कुणाला वाटेल?"

शनिवारी दुपारी तीनला पडदा उघडला. टॉकीज खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत संस्थेच्या अध्यक्षांच्या आई, डोक्यावरून पदर ओढलेल्या, मारवाडी पेठेतल्या दहा-बारा सुना-नातसुनांसह. बाईंना मागच्या दारावर ड्युटी होती, पुरुष आणि रडकी पोरं आत सोडायची नाहीत. त्यामुळे त्यांना बाहेर जाता येईना. तिसरा अंक सुरू झाला तशी त्यांनी रंगमंचाकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वरून ती पाठ दिसत होती. मी ट्रंक घेऊन आत आले तेव्हा ती पाठ हलली नाही, आणि मला वाटलं, सुटले.

पण ड्रिलच्या बाईंनी भावाचे बूट घातले होते, एका नंबरानं लहान. दोन अंक उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते. मी ट्रंक खाली ठेवली, पाया पडायला वाकले, आणि त्यांना काही सुचेना, त्या जवळ दिसलं त्याच्यावर मट्कन बसल्या.

"डबक्."

ती पाठ वळली. बाई मधल्या वाटेनं चालत आल्या, घाई न करता, टेप गळ्यात. चौथऱ्याच्या पायऱ्या चढल्या. ड्रिलच्या बाईंसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ऊठ. मन्ही ट्रंक शे ती."

ड्रिलच्या बाई मिशांसकट उठल्या. बाईंनी ट्रंक डोक्यावर घेतली. मी अजून जमिनीवरच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही, तेच जास्त लागलं. मग पायऱ्या उतरून, भर टॉकीजमधून, पहिल्या रांगेतल्या सुनांचे पाय ओलांडत त्या चालत्या झाल्या. पुढच्या बायका पाय आवरून घेत होत्या. दार उघडलं, उन्हाचा पट्टा आत आला, आणि दार लागलं.

आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मी त्या टॉकीजमध्ये सिनेमालासुद्धा ऐकल्या नव्हत्या. बायकांना वाटलं, हाच शेवट. कुणीतरी घाबरून पडदा ओढला, त्यामुळे तर खात्रीच झाली. आबा विंगेत पांढरेफटक पडून बसले होते, तिथं अध्यक्षांच्या आई स्वतः चालत आल्या. पदराआडून म्हणाल्या, "वकीलसाब, अंत बहुत अच्छा लिखा. दूसरी औरत आके उठाती है, ये बहुत अच्छा किया."

आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. दुसरं काय करणार होते?

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्हा दोघींना बोलावणं आलं. खरं तर आबांच्या खिशात माफीचा मजकूर तयार होता. पण पुढच्या शनिवारच्या प्रयोगाची तिकिटं एका सकाळीत संपली होती आणि खिडकीवर येणारी प्रत्येक बाई विचारत होती, ट्रंकवाल्या बाई आहेत ना? आबा म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. शनिवारी पुन्हा तसंच करा. तसंच यायचं, तसंच न्यायचं. रविवारी तुमचा कायमचा कागद मी स्वतः घरी आणून देतो." मग थांबून म्हणाले, "नाही तर माफी लिहून द्यावी लागेल. दोन्ही नाही म्हणालात तर जूनमध्ये माझ्याच्यानं काही होणार नाही."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. अकरा वर्षांचा कागद, पाच मिनिटांच्या चालण्यात. बाईंनी विचारलं, "ट्रंक पाहिजे ना?"

"हो, पाहिजे."

"ट्रंक देते. अट तीच. मी येणार नाही. आणि माफी तर नाहीच."

खोलीवर आल्यावर मी त्यांच्याशी कडकडून भांडले. म्हटलं, "बाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? नुसतं चालायचं तर आहे. त्यात अवघड काय?"

"अवघड नही शे," बाई म्हणाल्या. "खोटं शे." खाटेवरचा कपड्यांचा ढीग सरकवून त्या बसल्या. "मी शिंदखेड्याहून निघाले तेव्हा संध्याकाळी कुठे टेकायचं ते माहीत नव्हतं. आता सही मिळते म्हणून निघायचं? टाळ्या पडतात म्हणून? अगं, आबांच्या मनासारखं वागून घर मिळवायचं, हा तिसरा अंकच झाला की. तो मी आजवर बसून बघितला नाही, आणि उभी राहून करू?"

"मग जूनमध्ये काय करणार?"

"ते जूनमध्ये बघू," असं म्हणून त्यांनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. एकच पोलकं त्यांनी तीनदा घडी घातलं आणि तीनदा उलगडलं. ते मी बघितलं, आणि मी बघितलंय हे त्यांनाही कळलं.

शुक्रवारी आबांनी मला बोलावून सांगितलं, "त्या येत नाहीत तर राहिलं. आपलं मूळ नाटक आहेच. तू परत यायचं, लिहिलंय तसं. तुझंही वर्ष भरतंय ना?" मी मान हलवली. कुठल्या दिशेनं हलवली ते मला आजही सांगता येणार नाही.

शनिवारी बाईंना दारावर ठेवलं नव्हतं. त्या तिकीट काढून आल्या होत्या, मधल्या वाटेच्या कडेला बसल्या होत्या. दोन अंक त्यांनी मन लावून बघितले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी ट्रंक घेऊन घराबाहेर पडले, पडदा पडला. फटीतून बघते तर बाई उठल्या, पिशवी उचलली आणि नेहमीसारख्या बाहेर गेल्या.

मला काही क्षण कळेचना. राखण करायला थांबायचं सोडून ही बाई चालली कुठे? आतमध्ये त्यांची ट्रंक आहे, त्यांची अट आहे. मग कळलं. अट त्यांनी आबांना घातलीच नव्हती. आबा पाळणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. ट्रंक माझ्या हातात होती.

तिसरा अंक सुरू झाला. ड्रिलच्या बाई आता चांगल्या सैल चपला घालून मला हाका मारत होत्या. "आली वाटतं," हे त्यांचं वाक्य. त्यावर मी आत यायचं. त्यांनी ते एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. आबा पलीकडच्या विंगेतून हातवारे करत होते. मी ट्रंक उचलली. डोक्यावर घ्यायचा सराव नव्हता, म्हणून पोटाशी धरली, आणि विंगेतून रंगमंचावर न जाता बाजूच्या पायऱ्यांनी खाली प्रेक्षकांत उतरले. आबा मागून दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, विचार कर." मी म्हटलं, "केला, आबा." अध्यक्षांच्या आईंनी आपल्या सुनांना कोपरानं ढोसून पाय आवरायला लावले. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्याजणी वळून वळून नुसत्या बघत होत्या, आणि मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं उठून मला दार उघडून दिलं.

शाळेनं मला कायम केलं नाही, बाईंना जूनचा कागद आला नाही, हे इथंच सांगून टाकते. त्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. महिनाभर रडले. पण पुन्हा तो शनिवार आला तर मी पुन्हा त्याच पायऱ्या उतरेन, यात तिळमात्र शंका नाही.

बाहेर ऊन रणरणत होतं. तिकिटाच्या खिडकीजवळच्या लिंबाखाली बाकावर बाई मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर शेंगांची पुडी. तोंडाला रंग फासलेली, हातात ट्रंक धरलेली मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाकावर पडलेली दोन टरफलं उचलून पिशवीत टाकली आणि सरकून जागा केली. ट्रंक आम्ही मध्ये ठेवली, पोच्याची बाजू वर.

"बाई, सांगा ना," मी म्हटलं. "पुढे तिचं काय होतं?"

"रोज मीच सांगायचं का?" त्यांनी माझ्या हातावर दाणे ठेवले. "आज तू सांग."

आत ड्रिलच्या बाई एकट्याच काहीतरी बोलत होत्या, त्याचा आवाज बाहेर येत होता. मी दाणे तोंडात टाकले आणि सुरुवात केली.

"तर बाई, त्या दोघी भुसावळला उतरल्या."

"दोघी?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "दोघी."